५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस

माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात छातीवर लावायचा एक नंबर पडून आहे. चारही कोपऱ्यांतल्या सेफ्टी पिना अजून तशाच आहेत, आता गंजलेल्या. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतला हा नंबर, मुंबई मॅरेथॉनचा. अर्धी नव्हे, पूर्ण ४२ किलोमीटरवाली. माझ्याबरोबरच्या दोघा मित्रांनी आपापले नंबर फ्रेम करून भिंतीवर लावले. माझा खणात आहे, कारण मी परतीच्या वाटेवर शिवाजी पार्कपाशी बसलो तो उठलोच नाही.

चुका काय केल्या ते सांगायला फार अक्कल लागत नाही. सीएसटीवरून सुटताना अंधार होता, हवा गार होती, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी पहिले दहा किलोमीटर मला न झेपणाऱ्या वेगाने धावलो. तहान लागली नव्हती म्हणून पाण्याची पहिली तीन टेबलं तशीच सोडली. पायात आठवड्यापूर्वी घेतलेले कोरे बूट. वांद्र्याहून परत फिरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. माहीमच्या पुढे पायात गोळे यायला लागले, आणि मग डोळ्यांसमोर रस्ता थोडासा हलला. बंदोबस्तावरचा एक हवालदार म्हणाला, "बसा साहेब, पडाल." बसलो. अर्ध्या तासाने नंबर छातीवरून काढला, घडी करून खिशात घातला, चालत दादरला गेलो आणि लोकल पकडली.

सोमवारी ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, "कशी झाली मॅरेथॉन?" मी म्हटलं, "झाली." आपल्या मराठीत 'झाली' हा शब्द फार सोयीचा आहे. खोटं बोलल्याचं पाप लागत नाही आणि खरं सांगावंही लागत नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. तो यंदा पहिल्यांदा मॅरेथॉन धावणार आहे. परवा घरी आला होता. म्हणाला, "काका, तुम्ही केली होती ना? काही टिप्स द्या की." आणि मला शिझो कानाकुरीची आठवण झाली.

कानाकुरीची गोष्ट इंटरनेटवर बहुतेकदा गंमत म्हणून फिरते. मॅरेथॉनला सर्वात जास्त वेळ घेणारा माणूस, म्हणून. पण ती नीट वाचली तर गंमत मागे पडते. तर ही गोष्ट त्याची.

कानाकुरी १८९१ साली जपानच्या दक्षिणेकडे, कुमामोतो प्रांतात जन्मला. तोक्योच्या हायर नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात तो शिकत होता. त्या कॉलेजचे प्राचार्य जिगोरो कानो. ज्यूदो हा खेळ ज्यांनी घडवला तेच हे कानो, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवरचे पहिले जपानी सदस्यही तेच. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकसाठी कानोंनी १९११ च्या नोव्हेंबरात हानेदाला निवड चाचणी घेतली. कानाकुरी पंचवीस मैल धावला आणि वेळ लागली २ तास ३२ मिनिटं ४५ सेकंद. तोवर जगाला ठाऊक असलेल्या वेळेपेक्षा ही बरीच कमी होती. अंतर मोजण्यात गडबड झाली असावी असं नंतर पुष्कळांनी म्हटलं आहे, पण त्या वेळी जपानात एकच जल्लोष झाला. वीस वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या खांद्यावर अख्ख्या देशाची अपेक्षा.

जपानने त्या वर्षी दोनच खेळाडू पाठवले, एक वेगाने धावणारा याहिको मिशिमा आणि दुसरा कानाकुरी. प्रवासखर्चाला सरकार मदत करणार नव्हतं. कानाकुरीसाठी कॉलेजातल्या मुलांनी आणि शिक्षकांनी वर्गणी काढली. बोटीने व्लादिवोस्तोक, तिथून सायबेरियातून आगगाडी, असं करत अडीच आठवड्यांनी तो स्टॉकहोमला पोचला. बरोबरचे प्रशिक्षक ओमोरी क्षयाने आजारी होते आणि बराच काळ अंथरुणावरच होते. जेवण ओळखीचं नाही. उन्हाळ्यातल्या स्वीडनमध्ये रात्र धड काळोखी होत नाही, त्यामुळे झोप नाही. पायात 'ताबी', म्हणजे अंगठा वेगळा असलेले जपानी कापडी जोडे. मऊ मातीवर ते ठीक, पण कडक रस्त्यावर त्यांतून प्रत्येक पावलाचा दणका थेट गुडघ्यात जायचा.

१४ जुलै १९१२. भर दुपारची शर्यत. सावलीत ३२ अंश, स्टॉकहोमच्या मानाने भट्टीच. ६८ जण सुटले, त्यातले निम्म्याच्या आसपासच परत स्टेडियममध्ये पोचले. कानाकुरी सुरुवातीला मागे पडला, मग एकेकाला गाठत पुढे सरकू लागला, आणि सव्वीस-सत्तावीस किलोमीटरच्या सुमारास सोलेन्तुना भागात उन्हाने कोसळला. रस्त्यालगत एका कुटुंबाच्या बागेत लोक जमले होते. त्यांनी त्याला आत घेतलं, सरबत दिलं, खायला दिलं, पडायला जागा दिली. बरं वाटल्यावर कानाकुरी आगगाडीने स्टॉकहोमला परतला. शर्यत सोडल्याचं त्याने संयोजकांना कळवलंच नाही. स्वीडनच्या दफ्तरी तो 'बेपत्ता' म्हणून राहिला.

आगगाडीने परतला, हे वाचलं तेव्हा मला माझी दादरची लोकल आठवली. खिशातला घडी केलेला नंबरही.

आता याच शर्यतीतल्या दुसऱ्या माणसाबद्दल. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो. मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यातला सुतार, आपल्या देशातला मॅरेथॉनचा विजेता. पोर्तुगालचं ते पहिलंच ऑलिंपिक. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखा चरबीचा लेप लावला होता. आपल्याला आज हे वाचूनच कसंतरी होतं. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होतं, ही साधी गोष्ट. त्याने तो दरवाजाच बंद करून टाकला. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो पडला, उठवून उभा केला तर पुन्हा पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये शर्यतीमुळे झालेला हा पहिला मृत्यू.

एकच दुपार, एकच रस्ता, एकच ऊन. एक जण बागेत शिरला, दुसरा शिरला नाही. चुका दोघांच्याही होत्या, पण चुकांपासून शिकण्याची सोय फक्त एकाच्या वाट्याला आली. आपण "शेवटपर्यंत सोडायचं नाही" वगैरे वाक्यं भिंतीवर लावतो तेव्हा मला लाझारो आठवतो. शिकायचं असेल तर आधी जिवंत परतावं लागतं.

या चुकाही काही नवीन नव्हत्या. मॅरेथॉन हा प्रकारच मुळात १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी काढलेला, आणि त्या पहिल्यावहिल्या शर्यतीत हेच घडलं होतं. दीड हजार मीटरच्या शर्यतीतले पहिले तिघे, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक, अमेरिकेचा ब्लेक आणि फ्रान्सचा लेर्मुसिओ, मॅरेथॉनलाही उभे राहिले. ४० किलोमीटरचं अंतर, त्यात ते छोट्या शर्यतीच्या हिशेबाने सुसाट निघाले. तिघेही शेवटपर्यंत पोचले नाहीत. लेर्मुसिओ बराच वेळ सगळ्यांच्या पुढे होता, मग फ्लॅक पुढे होता, आणि दोघेही आघाडीवर असतानाच ढेपाळले. जिंकला तो ग्रीसचा स्पिरिदोन लुईस, मागून सावकाश येणारा. बाहेरून आलेल्या चौघांपैकी शेवटपर्यंत धावला तो एकटा हंगेरीचा केल्नर. त्याने येण्याआधी मायदेशी हे अंतर एकदा धावून पाहिलं होतं.

पाण्याच्या बाबतीत तर आनंदच होता. धावताना पाणी पिणं बरं नाही, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. १९०४ साली सेंट लुईसला संयोजक जेम्स सलिव्हन यांनी मुद्दामच मार्गावर पाण्याची सोय अगदी कमी ठेवली होती, न पिता माणूस कसा धावतो ते पाहायला. ऊन आणि धूळ यांत ३२ पैकी जेमतेम १४ जण पोचले. थोडक्यात काय, तर १९१२ पर्यंत सोळा वर्षं लोक त्याच चुका नव्याने करत होते. ज्याच्या त्याच्या चुका ज्याच्या त्याच्याबरोबर घरी जात होत्या.

कानाकुरीचं वेगळेपण इथून सुरू होतं.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो डायरी लिहायला बसला. जे लिहिलं ते थोडक्यात असं: हरलो, जन्मभर पुरेल इतकी शरम वाटते आहे, पण अपयश हाच यशाचा पाया आहे, हसणाऱ्यांना हसू दे, मी हे तंत्र शिकेन आणि हा डाग एक दिवस धुऊन काढेन. वीस वर्षांच्या मुलाची भाषा आहे, जरा नाटकी वाटेल. पण पुढचं अर्धं आयुष्य त्याने या वाक्यांचा शब्दशः पाठपुरावा केला.

उन्हाने पाडलं ना, मग तो ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी समुद्रकाठच्या वाळूत धावायला लागला. ताबीने गुडघे गेले ना, मग ज्या दुकानातून ते जोडे घेतले होते त्या दुकानदाराबरोबर बसून तळ सुधारत राहिला. त्यातून रबरी तळाचे ताबी निघाले आणि 'कानाकुरी ताबी' याच नावाने जपानभर विकले गेले. अंगठा वेगळा असलेल्या जोड्यांची ही परंपरा पुढे इतकी टिकली की १९५१ साली शिगेकी तानाका हा हिरोशिमाकडचा मुलगा बोस्टन मॅरेथॉन जिंकला तेव्हा त्याच्या पायातही तसेच जोडे होते.

आणि तिसरी चूक, एकटेपणाची. स्टॉकहोमच्या रस्त्यावर कानाकुरी एकटा होता. आधी ही शर्यत धावलेला एकही माणूस जपानात नव्हता, मग विचारणार कुणाला? एक धावपटू पाठवून भागणार नाही, शेकडो तयार व्हायला हवेत, हे त्याला कळलं. १९१७ साली क्योतो ते तोक्यो अशी टप्प्याटप्प्याने धावायची शर्यत झाली, पाचशे किलोमीटरच्या वर, तीन दिवस चाललेली. तिला 'एकिदेन' म्हणाले. प्रत्येक धावपटू आपला टप्पा संपला की खांद्यावरचा कापडी पट्टा पुढच्याच्या हाती देतो. पूर्वेच्या संघाकडून शेवटचा टप्पा धावला तो कानाकुरी, आणि त्याचा संघ जिंकला. मग त्याच्या डोक्यात आलं की अख्खी अमेरिका अशी आडवी धावून पार करायची, आणि त्यासाठी मुलं निवडायला कॉलेजांची एक शर्यत घ्यायची. अमेरिका राहिली बाजूला, पण १९२० च्या फेब्रुवारीत चार कॉलेजांना घेऊन तोक्यो ते हाकोने आणि परत अशी शर्यत सुरू झाली. ती 'हाकोने एकिदेन' दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला होते. दोन दिवस अर्धा जपान टीव्हीसमोर बसलेला असतो. तिथल्या सर्वोत्तम धावपटूला मिळणाऱ्या पुरस्काराला कानाकुरीचंच नाव आहे.

मधल्या काळात १९१६ चं ऑलिंपिक महायुद्धाने बुडालं होतं. त्याच्या उमेदीची चार वर्षं गेली. शेवटी १९२० साली, बेल्जियममधल्या अँटवर्पला तो पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला. आणि आठ वर्षं उन्हाची तयारी केलेल्या या माणसाच्या वाट्याला काय आलं? थंडी आणि पाऊस! नशीब असं असतं. आपण मागच्या परीक्षेचा अभ्यास करून जातो आणि पेपर नवा निघतो. पण या वेळी तो पोचला. सोळावा, २ तास ४८ मिनिटं ४५ सेकंदांत.

इथे मी निकालाची यादी खाली वाचत गेलो आणि थबकलो. एकोणिसावा: पी. डी. चौगुले, भारत. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

फडेप्पा दरेप्पा चौगुले, आपल्या बेळगावचे. त्याच दिवशी, त्याच पावसात, कानाकुरीच्या मागे बरोबर दोन मिनिटांवर. भारताचा संघ म्हणून ऑलिंपिकला गेलेली ती पहिलीच तुकडी, आणि तिचं मूळ पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना अध्यक्ष म्हणून गेलेल्या सर दोराबजी टाटांनी तिथे खेड्यापाड्यांतून आलेले गडी अनवाणी धावताना पाहिले. त्यांच्या वेळा युरोपातल्यांच्या जवळपास जातात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पदरचे पैसे घालून, इतरांकडून जमवून चार धावपटू आणि दोन पैलवान अँटवर्पला पाठवले. चौगुल्यांबरोबर मॅरेथॉनला सदाशिव दातार हेही उभे होते. त्यांना ती पूर्ण करता आली नाही. अँटवर्पचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. ऑलिंपिकमधली सगळ्यात लांब मॅरेथॉन हीच. आणि चौगुले तिच्यात एकोणिसावे आले, ऑलिंपिकच्या पहिल्याच खेपेला.

दोन मिनिटं म्हणजे किती? त्या वेगाने जेमतेम अर्धा किलोमीटर. शिवाजी पार्कचा अर्धा फेराही नाही.

पण या दोन मिनिटांच्या मागे-पुढे काय होतं ते पाहिलं की मन उदास होतं. कानाकुरीच्या मागे आठ वर्षांचा आपल्याच चुकांचा अभ्यास होता. त्याच्या पुढे नुकतीच सुरू झालेली हाकोनेची शर्यत होती, जोडे शिवणारा दुकानदार होता, कानोंसारखे प्राचार्य होते, आणि तो स्वतः शिक्षक झाल्याने समोर मुलं होती. अँटवर्पमध्ये जे चुकलं ते सांगायला त्याच्याजवळ वर्ग होता. चौगुल्यांच्या मागे पुण्याची एक शर्यत आणि टाटांची दानत होती. पुढे, १९२४ च्या भारतीय संघात ते नव्हते, दातारही नव्हते. आपली ऑलिंपिक संघटना १९२७ साली उभी राहिली, दोराबजीच तिचे पहिले अध्यक्ष. देश पारतंत्र्यात होता, हे खरंच. पण सातारा-बेळगावच्या रस्त्यांवर हाकोनेसारखी शर्यत स्वातंत्र्यानंतरही रुजली नाही. म्हणजे पट्टा होता, तो घेऊन बेळगावचा एक माणूस टप्प्याच्या शेवटापर्यंत धावलाही, पण घ्यायला पुढे कुणी उभं नव्हतं.

चुकांपासून शिकतो तो शहाणा, असं आपण म्हणतो. कानाकुरीकडे पाहून वाटतं, हे अर्धंच आहे. स्वतःची चूक स्वतः सुधारून तो सोळाव्या नंबरापर्यंतच पोचला. १९२४ ला पॅरिसमध्ये तर पुन्हा मधेच थांबावं लागलं. पदक आयुष्यात मिळालं नाही. पण ती चूक त्याने लाजून खणात ठेवली नाही, चारचौघांत मांडली, म्हणून ती हजारो मुलांच्या कामी आली.

गोष्टीचा शेवट प्रसिद्धच आहे. १९१२ च्या ऑलिंपिकच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या निमित्ताने स्वीडिश लोकांना आपला 'बेपत्ता' धावपटू आठवला. खरं तर तो काही बेपत्ता वगैरे नव्हता, मधल्या काळात दोन ऑलिंपिकं राजरोस धावून आला होता. पण गोष्ट छान होती. मार्च १९६७ मध्ये त्यांनी पंचाहत्तर वर्षांच्या कानाकुरीला बोलावून घेतलं. कोट-टाय घातलेला म्हातारा स्टॉकहोमच्या त्याच स्टेडियममध्ये हळूहळू धावला आणि शेवटच्या रेषेवरची फीत त्याने छातीने तोडली. ध्वनिक्षेपकावरून वेळ जाहीर झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. तो म्हणाला की प्रवास लांबचा होता, वाटेत लग्न झालं, सहा मुलं आणि दहा नातवंडं झाली. १९८३ साली, ब्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

मला त्या फितीपेक्षा त्याची ती दुसऱ्या दिवशीची सकाळ मोठी वाटते. आगगाडीने गुपचूप परतलेला माणूस सकाळी उठून कागदावर 'हरलो' असं लिहितो. मला सोमवारी ऑफिसात तेवढा एक शब्द म्हणता आला नव्हता.

असो. परवा पुतण्याला टिप्स द्यायच्या आधी मी खालचा खण उघडला आणि तो नंबर त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, "केली नव्हती रे. शिवाजी पार्कला बसलो होतो." तो क्षणभर पाहत राहिला, मग म्हणाला, "का? काय झालं होतं?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला मी जागाच ठेवली नव्हती. मग कोऱ्या बुटांपासून सुरुवात केली. तासभर बोलत होतो. त्याने मोबाइलमध्ये सगळं लिहून घेतलं. जाताना नंबरही मागून घेऊन गेला.